परसबागेचें बक्षीस कोणाचें ?

शाळांच्या परसबागांच्या चढाओढी अलीकडे गांवोगांव होऊं लागल्या आहेत. शाळेच्या आवारांत पिकलेली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणांत यावी, या हेतूनें केंद्र सरकारनें २०१९ सालीं पोषणबागांविषयीं सूचना काढल्या. हेतु उत्तम आहे. आपल्या महाराष्ट्रांत तालुक्यास व जिल्ह्यास अशा बागांची परीक्षा होते व पहिल्या आलेल्यांस बक्षिसें मिळतात. आम्ही खेड्यांत मास्तरकी करणारे. या चढाओढीची आंतली बाजू आम्हीं पाहिली आहे. ती शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें ठेवणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

पूर्वीं ज्या शाळेवर आम्ही होतों, तेथें परीक्षक येणार म्हणून आदल्या दिवशीं वांग्याची, मिरचीची व झेंडूची टेंपोभर रोपें विकत आणून रातोरात जमिनींत खोंवलीं. दुसऱ्या दिवशीं हार झाले, फोटो निघाले, नंबरही आला. होळीपर्यंत त्या वाफ्यांत हिरवी काडी उरली नव्हती. मुलांच्या ताटांत एक वांगें पडलें नाहीं. त्या लबाडींत आमचेही हात होते, हें आम्ही कबूल करतों. मुलें बागकाम शिकलीं नाहींत. साहेब आले कीं हिरवें कसें दिसावें, एवढें मात्र शिकलीं.

पुढच्या गांवीं आम्हीं ठरविलें कीं, बाग साऱ्या गांवाची होत असेल तरच करावयाची. पालकांच्या सभेंत मागणें घातलें, तेव्हां ज्याच्या घरीं जें होतें तें आलें. धनगरांनीं दोन रात्री शाळेच्या आवारांत मेंढ्या बसविल्या. खताची चिंता मिटली. लोहारदादांनीं खुरप्यांना धार लावून दिली. कुंभारांनीं पाझरणारीं मडकीं दिलीं. तीं रोपांजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलीं, म्हणजे थोड्या पाण्यांत ओल टिकते. आयाबायांनीं राखेंत जपून ठेवलेलें गवारीचें, भेंडीचें व दोडक्याचें बीं आणून दिलें.

खरी परीक्षा पुढेंच होती. उन्हाळ्यांत वाड्यावाड्यानें पाळीपाळीनें पाणी घालावयाचें, म्हणून गांवकऱ्यांनीं यादी केली. वाचून पाहतों तों बौद्धवाड्याचें नांव गाळलेलें ! विचारलें तर उत्तर मिळालें, "गुरुजी, त्यांना कशाला उगाच तसदी ?" तोंडीं तसदी, पोटांत मात्र जुना विटाळ. ज्यांच्या मुलांनीं वाफे खणले, त्यांच्याच हंड्याला मनाई ! जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. त्याला दीडशेंहून अधिक वर्षें झालीं, आणि शाळेच्या भेंडीला कोणाच्या हातचें पाणी चालतें, हें आम्ही अजून विचारीत बसावें काय ? आम्हीं ती यादी फाडली व नव्या यादींत पहिली पाळी बौद्धवाड्याची लिहिली. कुरकुर झाली. दोन घरांनीं आपली पाळी सोडली. त्यांतलें एक महिन्याभरानें परत आलें. दुसरें अजून यावयाचें आहे. त्या वर्षीं आम्हांस नंबर मिळाला नाहीं. पण भर चैत्रांत मुलांच्या जेवणांत गवार व दोडका येत होता.

मग नंबर कशाला द्यावयाचा, हा प्रश्न आहे. आयर्लंडांत १९५८ पासून व ब्रिटनमध्यें १९६३ पासून गांवें व शहरें सजविण्याच्या चढाओढी चालत आल्या आहेत. ब्रिटनच्या चढाओढींत नुसत्या फुलांना मान नाहीं. परिसराची निगा व रहिवाशांचा सहभाग हींही पाहिलीं जातात. आपल्याकडे २००० सालीं सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानांत गांवेंच्या गांवें झाडू घेऊन रस्त्यावर उतरलीं. तेव्हां एकजुटीची परीक्षा घेतां येत नाहीं, असें कोणी म्हणूं नये.

आमचें मागणें असें आहे. बागेची परीक्षा एकदां पावसाळ्यांत व एकदां चैत्रांत, आगाऊ न कळवितां व्हावी. आदल्या दिवशीं खोंवलेल्या रोपांना गुण नसावेत. किती वाड्यांनीं पाळी केली व किती भाजी मुलांच्या ताटांत पडली, याची वही तपासून गुण द्यावेत. बक्षिसाचा पैसा हारांवर व फलकांवर न उधळतां कुंपणाला व पाण्याच्या टाकीला लावावा. आणि समारंभांत पुढाऱ्यांनीं खुर्च्यांवर बसावें व हंडे वाहणाऱ्या बायांनीं मागें उभें राहावें, ही रीत बंद व्हावी. त्यांचीं नांवें सभेंत मोठ्यानें वाचलीं जावींत.

बंधुभगिनींनो, साहेबांची वाट पाहूं नका. मृग लागण्याआधीं एक दिवस आपल्या शाळेंत जा. पाण्याची यादी मागून घ्या व तींत कोणत्या वाड्याचें नांव नाहीं तें पाहा. गळलेलें नांव तेथल्या तेथें लिहावयास लावा. आणि जातांना घरचें मूठभर बीं बरोबर न्या.