फळ्यामागचे डबे आणि कुलूपबंद कपाट

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. फळ्याच्या मागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्याला हात लावणार आणि डबे बाटणार, या भीतीने वर्गात गलका झाला. मुले धावली, डबे बाजूला फेकले, तेव्हा कुठे भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून भाषणात सांगतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहा. ऐकण्यापुरता हा मुलगा वर्गात चालत होता. त्याचा हात ज्ञानाच्या साधनाला लागणार म्हटल्यावर वर्ग उठला.

आता आजच्या शाळेत या. मी ज्या शाळेत शिकलो तिथे प्रयोगशाळेचे एक कपाट होते आणि त्याला कायम कुलूप होते. आमच्या प्रयोगवह्या मात्र पूर्ण होत्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळे फळ्यावरून उतरवलेले. न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले आणि मार्क मिळवले. तपासणीच्या आदल्या दिवशी कपाटावरची धूळ पुसायला कोणत्या वस्तीतली पोरे बोलावली जायची, हे तुम्हाला सांगायला नको.

जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहायला लावणे म्हणजे पोथीचे पारायण. असा विद्यार्थी पुढे इंजिनिअर होतो आणि गाडीला लिंबू-मिरची बांधतो, यात नवल काय?

हे काही कुणाच्या मर्जीचे प्रकरण नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ सांगते की मुलांनी कृतीतून, शोधातून, स्वतः धुंडाळून शिकले पाहिजे. संविधानाचे कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानते. म्हणजे कपाटाला लावलेले कुलूप कायद्याच्या विरोधात आहे.

आता आपल्याच घरातले दोन आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप असा : "आपल्या पोरांना खेळ परवडत नाही, त्यांना मार्क पाहिजेत." मार्क पाहिजेतच, त्यात वाद नाही. पण पाठांतराच्या शर्यतीत ज्याच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तके आणि महागडा क्लास आहे तोच पुढे राहणार. हाताने केलेला प्रयोग मात्र घराण्याची विचारपूस करत नाही. घरातली ताटली, डबा आणि भाकरी घ्या. प्रत्येकाचा घेर दोऱ्याने मोजा, मग रुंदी मोजा आणि भागाकार करा. दरवेळी उत्तर तीनपेक्षा थोडे जास्तच येते. ज्या मुलीने हे स्वतः मोजले, तिला 'पाय' पाठ करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : "हातकाम तर आमच्या बापजाद्यांनी खूप केले. पुन्हा तेच?" ही शंका रास्त आहे आणि तिला इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून झोडपले. १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. तो विरोध शंभर टक्के योग्य होता.

पण कुळाचा धंदा आणि प्रयोग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुळाचा धंदा सांगतो, बापाने केले तसे कर. प्रयोग विचारतो, असेच का? एक मीटर दोऱ्याला दगड बांधा आणि झोका द्या. एक येरझार सुमारे दोन सेकंदांत होते. आता दगड दुप्पट जड घ्या. वर्गातले हुशार पोरही म्हणेल की वेळ बदलणार. वेळ बदलत नाही. दोरा पाव मीटर करा, वेळ निम्मा होतो. इथे गुरुजींचा शब्द चालत नाही, ग्रंथाचा चालत नाही, पहिल्या बाकावरच्या पोराचाही चालत नाही. ज्याला पटत नाही त्याने पुन्हा मोजावे.

ही सवय जातीव्यवस्थेला का नको असते, ते महाडला विचारा. १९२७ साली आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो. त्यानंतर तळे 'शुद्ध' करायला १०८ घागरी दूध, दही, शेण आणि गोमूत्र ओतले गेले. कुठल्याही मुलाच्या हातात भिंग द्या आणि विचारा, पाणी घाण कशाने झाले?

सरकारी शाळेत हे जमते, याचा पुरावा आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातली मुले गटात प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला.

म्हणून सरकारच्या भरवशावर बसू नका. आपल्याकडे गावोगावी विहार आहेत. तिथे जयंतीला लाखाचा डीजे येतो, पण मोजपट्टी नसते. दर रविवारी दोन तास द्या. दोरा, भिंग, लोहचुंबक, आरसा, बॅटरी आणि बल्ब यांना एका बॅनरपेक्षा कमी खर्च येतो. साहित्य पहिल्यांदा मुलींच्या हातात द्या. नाहीतर चार पोरे करतील आणि बाकीचे बघतील, म्हणजे पुन्हा तेच.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. ती जागा तुमची आहे. बैठकीत एकच प्रश्न विचारा : कपाटाची चावी कुणाकडे आहे?

उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या बैठकीला पुन्हा विचारा.

जय भीम!