वेग दिला की इंजिन ‘मिसिंग’ का मारते?

सप्टेंबर 2025 च्या पुरात बीड जिल्ह्यात बचावाच्या बोटी धावल्या. असे इंजिन दिंद्रुडच्या आपल्या दुचाकी मिस्त्रीपुढे आले, हळू नीट चालले, पण वेग देताच अडखळले, तर लगेच कार्बोरेटर बदलायला सांगू नये, असे आम्हाला वाटते. गिऱ्हाइकाचा पैसा जातो, दोष तसाच राहतो. अन् भर पुरात बोट बंद पडली तर जिवाशी गाठ.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. तो बंद असला की जादा पेट्रोल ओढले जात नाही. हळू चालताना हे कळतही नाही. मग एकाने बोट वेगात धरावी, दुसऱ्याने नळीतला रबरी फुगा दाबावा. इंजिन सावरले, तर खोट पेट्रोलच्या पुरवठ्यात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी शोषते. म्हणून फिल्टरही उघडा. एवढ्यावर भागले नाही, तर प्लग आणि कॉइल.