पुढचा संच कोणता, हे मुलांना ओळखू द्या

कार्डांचा पुढचा संच कोणता येणार यावर तासन्‌तास वाद घालणारी मुलं वेळ वाया घालवत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर सभा भरते. खलाशांची मुलं, बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं, एखाददुसरा बोटमालकाचा नातूही असतो. त्यांच्या हातात पोकेमॉनची कार्डं असतात आणि तोंडी एकच विषय असतो. ‘काकी, आता पाण्यातले येणार बघा.’ ‘काय नाय, ड्रॅगन येणार.’ कोणी काही म्हटलं, की बाकीचे लगेच विचारतात, ‘कशावरून?’

या ‘कशावरून’साठीच हा लेख लिहिते आहे. कारण पालक मला येऊन सांगतात, ‘बाई, ही कार्डं ठेवू नका, पोरं बिघडतात.’

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ अमेरिकेत आणला. ठरलेला बावन्न पानांचा जोड नाही. हजारो निरनिराळ्या पानांतून प्रत्येकाने आपला डाव स्वतः रचायचा. जादूगार, राक्षस, शस्त्रं, बेटं, डोंगर, प्रत्येक पानावर चित्र आणि त्या पानाचा स्वतःचा नियम. दर काही महिन्यांनी नवा संच येतो. नवं जग, नवी पात्रं, नवे नियम. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनची कार्डं याच वाटेने आली. माझ्या पुण्याच्या भाच्याने ‘मॅजिक’चे दोन डाव माझ्याकडे ठेवले. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते वाचत बसले आणि मग खेळायलाही शिकले.

या कंपन्या येणाऱ्या संचाचं सगळं एकदम सांगत नाहीत. ‘मॅजिक’वाल्यांनी काही वर्षं आगामी संचांना इंग्रजी वर्णक्रमाने खेळांची टोपणनावं दिली : आर्चरी, बेसबॉल, क्रिकेट आणि असंच पुढे. ‘क्रिकेट’ म्हणजे काय, यावर लोकांनी डोकी लढवली. २०२० मध्ये त्यातून ‘इकोरिया’ निघालं, अजस्र प्राण्यांचं जग. त्या खेळाचे प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर संच बाहेर पडायच्या आधी अर्धवट खुणांची यादी देतात. एखाद्या नियमातलं तुटक वाक्य, एखाद्या पानाच्या नावाचा तुकडा, कुठल्या प्रकारचे प्राणी असतील याची नावं. बाकी लोकांनी जुळवायचं. कुठलं जुनं जग परत येण्याची शक्यता किती, हे सांगायला त्यांनी एक ते दहाची मोजपट्टीही केली आहे. दहा म्हणजे जवळपास अशक्य.

आमच्या पायरीवरचं उदाहरण पोकेमॉनचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका येणाऱ्या व्हिडिओ गेमची जाहिरात दाखवली गेली. तिच्या शेवटी क्षणभर एक चिन्ह आलं, ‘मेगा’ रूपाचं. ही मेगा रूपं कार्डांतून कित्येक वर्षं गायब होती. नववीतला एक मुलगा तेव्हापासून म्हणत होता, की गेममध्ये चिन्ह आलं म्हणजे कार्डांतही मेगा परत येणार, आणि गेमच्या आगेमागेच येणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मेगा इव्होल्यूशन’ संच आला, ऑक्टोबरमध्ये गेम आला. त्या मुलाचे वडील तांडेल आहेत. पाण्याचा बदललेला रंग, पक्ष्यांची झुंबड आणि वाऱ्याची दिशा पाहून ते जाळं कुठे टाकायचं ते ठरवतात. मुलगा करतो ते याहून वेगळं नाही. थोड्या खुणा असतात, त्यावरून अंदाज बांधायचा आणि चुकला तर का चुकला ते शोधायचं. वडिलांच्या अंदाजाला बंदरावर मान आहे. मुलाच्या अंदाजाला घरात धपाटा मिळतो. मला हे पटत नाही.

या अंदाजबांधणीत मुलं काय काय शिकतात, ते मी रोज समोर बघते. जपानमध्ये पोकेमॉनचा संच आधी येतो, इंग्रजीत नंतर. म्हणून दोन मुलांनी जपानी अक्षरं ओळखायला सुरुवात केली. एक मुलगी जुन्या संचांच्या तारखा वहीत लिहून, दोन संचांत किती अंतर असतं ते काढते. तिला गणितात कमी गुण पडतात असं तिची आई सांगते. माझ्या टेबलावर पडलेली तिची वही मात्र सरासरी काढण्याची वही आहे, आणि ती कोणी तिला काढायला सांगितलेली नाही.

या खेळांत माझ्या मते दोन गोष्टी बिघडत चालल्या आहेत, आणि त्या मुलांनी बिघडवलेल्या नाहीत.

पहिली म्हणजे उसन्या गोष्टी. २०२५ मध्ये ‘मॅजिक’चे सहा मोठे संच आले. त्यांतले तीन बाहेरच्या जगांचे होते : फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि अवतार द लास्ट एअरबेंडर. फायनल फँटसीने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली असं मालक कंपनीने सांगितलं. तेव्हा पुढेही हेच होत राहणार, हे सांगायला खुणांची गरज नाही. पण स्पायडरमॅनची गोष्ट सगळ्यांना आधीच पाठ आहे. त्यात ओळखायचं काय? कुठलं पात्र कुठल्या पानावर येईल, एवढाच प्रश्न उरतो. नवं जग कसं असेल, तिथे कोण राहत असेल, तिथला नियम काय असेल, हा खरा विचार त्यात लागत नाही. मला यातली लबाडी टोचत नाही, धंदा आहे. आळस टोचतो.

दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे, ती म्हणजे पैशाची सट्टेबाजी. पिकाचूच्या एका दुर्मीळ कार्डाचे ५२ लाख डॉलरहून जास्त आले. २०२३ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संचातलं जगात एकच छापलेलं अंगठीचं पान २० लाख डॉलरला गेलं. या बातम्या फोनवर फिरतात आणि मग मोठी माणसं दुकानात येऊन विचारतात, ‘पूर्ण खोका मिळेल का? फोडायचा नाही, ठेवून द्यायचाय.’ आत काय आहे ते न बघता, वर्षभराने भाव चढेल म्हणून. मुलंही मग पाकीट फोडताना चित्र बघत नाहीत, फोनवर भाव बघतात. पुढच्या संचात कोण येईल हा अंदाज बुद्धीचा आहे. या पाकिटात महागडं पान निघेल ही आशा लॉटरीच्या तिकिटाची आहे. मी शाळकरी मुलाला एका वेळी एकच पाकीट देते. खोका देत नाही. आईवडील सोबत असले तरी देत नाही. सोनेरी चकचकीत नकली कार्डांचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या ठोक विक्रेत्याला मी दारातूनच परत पाठवते. सुटी कार्डं मुलांनी आपापसांत बदलावीत, त्यासाठी पायरी मोकळी आहे.

आता माझा स्वतःचा अंदाज सांगते. तो अंदाज कमी आणि आग्रह जास्त आहे.

‘मॅजिक’चा पहिलाच वाढीव संच डिसेंबर १९९३ मध्ये आला, तो ‘अरेबियन नाइट्स’. अलादीन, अलीबाबा, सिंदबाद. सिंदबादची गलबतं ज्या पाण्यातून गेली ते आमच्या बंदरासमोरचंच पाणी. त्या संचात दंदान नावाच्या अवाढव्य माशाचं पान आहे. समोरच्या खेळाडूकडे बेटाचं पान नसेल तर दंदानला हल्ला करता येत नाही, आणि आपल्याकडचं शेवटचं बेट गेलं की तो मरतो. मी हे वाचून दाखवलं तेव्हा पायरीवरचा सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, ‘मग बरोबर हाय ना काकी, पाणीच नाय तर मासा जगंल कसा?’ पुढे २०१६ मध्ये भारतीय वळणाचं ‘कलादेश’ आलं. घिरापूर नावाचं शहर, सहीली राय नावाची कारागीर, धातूच्या नक्षीची यंत्रं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जग ‘आविष्कार’ या नव्या नावाने ‘एथरड्रिफ्ट’ संचात परत आलं. चित्रं मला आवडली. कोकणाची एकही खूण मला त्यात दिसली नाही.

ती खूण बाहेरच्यांनी कधी आणावी याची वाट आपण का बघावी? आपल्याकडे काय कमी आहे? बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस कातळात कोरलेला आहे. कशेळीला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण ती कोणी आणि कशासाठी कोरली यावर अभ्यासक अजून अंदाजच बांधताहेत. गावाचा राखणदार आहे, पाण्यातला गिऱ्हा आहे, शिमग्यातला संकासुर आहे. ब्रह्मदेशातून आणून इथे डांबलेला आणि १९१६ मध्ये इथेच वारलेला थिबा राजा आहे. कान्होजींच्या गुराबा आहेत. यातलं एकही नाव मला शोधावं लागलं नाही.

आणि पत्ते रंगवायची परंपरा तर रेल्वेने काही तासांवर आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ. डाव दिवसा सुरू झाला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो आधी खेळतो, रात्री सुरू झाला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. आजच्या कुठल्याही कल्पक खेळात शोभेल असा हा नियम आहे. ही कला सरत आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी १९७० च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून ती उभी केली, आणि आज तिला भौगोलिक मानांकन आहे. त्या जोडातला पहिला रंग मत्स्याचा, म्हणजे आमच्या मिरकरवाड्याचाच. दहावा रंग कल्कीचा. नऊ अवतार होऊन गेले, दहावा अजून यायचा आहे, तरी त्याची बारा पानं जोडात आहेत आणि खेळली जातात. येणाऱ्याची कल्पना करून त्याचं पान आधी रंगवायचं, हे आपल्या कारागिरांनी केव्हाच केलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात मी जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून मुलांना दिले आणि म्हटलं, मिरकरवाड्याचा संच काढा. त्यांनी काढला. एका पानाचं नाव ‘बंदी’. ते टाकलं की दोन फेऱ्या कोणीही माशावर हल्ला करायचा नाही, आणि तिसऱ्या फेरीत प्रत्येक माशाची ताकद दुप्पट. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी कशासाठी असते, हे ते काढणाऱ्या मुलाने एका पानात सांगितलं. दुसरं पान ‘एलईडी’ : टाकलं की समोरचे सगळे मासे तुमचे, पण पुढचे चार डाव तुमच्याच काय, कोणाच्याच पाण्यात मासा येणार नाही. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी असूनही ती होते, हे या मुलांना घरातल्या बोलण्यातून माहीत आहे. ते पान दोघांनी एकदम बनवलं. एकाच्या घरी पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याची बोट आहे, दुसऱ्याचे वडील छोट्या होडीवर जातात. चार डाव की दोन डाव, यावर दोघांची बराच वेळ भांडाभांडी चालली. शेवटी चार ठरले.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. रत्नागिरीत १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे सावंतवाडीचे गंजिफा रंगवणारे कारागीर बोलवावेत. कातळशिल्पं दाखवणारे अभ्यासक यावेत. मुलांनी नियम करावेत, कारागिरांनी चित्रं शिकवावीत, आणि कोकणाचा एक संच निघावा, शंभर पानांचा का होईना. सगळी पानं उघडी विकावीत, बंद पाकिटात नकोत, म्हणजे कोणी नशीब विकत घेणार नाही. मराठी प्रकाशक लहान मुलांसाठी नवं काही शोधत असतात. त्यांनी हा विचार जरूर करावा. माझ्या दुकानात त्या संचाला पुढची फळी राखून ठेवीन.

आणि मिरकरवाड्यातल्या बापांना एक सांगणं. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर असतात आणि तुम्ही घरी असता. एखाद्या संध्याकाळी मुलाच्या हातातली कार्डं हिसकावून घेण्याआधी त्याला विचारा, पुढचा संच कोणता येणार? तो सांगेल. मग विचारा, कशावरून? आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत ऐका.