पहिल्या स्वयंपाकघराचा ताळेबंद



इचलकरंजीच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त हिंजवडीला राहतो. आठ महिने खाणावळीचे जेवण झाले, पित्ताचा त्रास सुरू झाला आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नियमही सुटला. आता त्याने स्वतः स्वयंपाक करण्याचे ठरवले आहे. चहाखेरीज काही येत नाही, पण इच्छा मनापासून आहे. मामांनी एक्कावन्न नगांचा स्टीलचा संच देऊ केला आहे. वडिलांचे म्हणणे असे की, मुलाला हा खटाटोप कशाला, दोन वर्षांत लग्न होईलच. भगिनी विचारतात, दहा हजार रुपये बाजूला काढले आहेत, त्यांत काय घ्यावे?

प्रथम वडिलांविषयी, आदरपूर्वक. भूक लग्नाची वाट पाहत नाही. शिवाय पुढे येणारी सूनही बहुधा नोकरी करणारी असेल. ज्याला स्वतःचे वरण-भात-भाजी करता येते, तो परगावी, आजारपणात वा उतारवयात कोणावर विसंबून राहत नाही. तेव्हा हा खर्च वायफळ नसून भांडवली स्वरूपाचा आहे, असे मी मानतो.

आता मामांचा संच. अशा संचात वाट्या, ताटल्या, पेले आणि डाव यांचीच संख्या मोठी असते. शिजवण्याची भांडी दोन-तीन, तीही बहुधा पातळ पत्र्याची. एकट्या माणसाला दोन ताटे, चार वाट्या, दोन पेले पुरतात. उरलेली भांडी फळीवर धूळ खातात आणि घर बदलताना ओझे होतात. अपरिग्रहाचा विचार आपण प्रवचनात ऐकतो, तो भांड्यांच्या फळीलाही लागू आहे. मामांना प्रेमाने सांगावे की, संचाऐवजी एक उत्तम कुकर द्या. त्यांची भेट मुलाच्या रोज हाती येईल.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा. आधी शेगडी ठरवावी, मग भांडी. खोलीत गॅस असेल तर कोणतेही भांडे चालते. नवे कनेक्शन शक्य नसल्यास पाच किलोचा लहान सिलिंडर मिळतो, मात्र तो अधिकृत वितरकाकडूनच घ्यावा. विजेची इंडक्शन शेगडी घ्यायची असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, तांबे वा पितळ तिच्यावर तापत नाही. दुसरी, भिंतीतील सॉकेट. दोन हजार वॅटची शेगडी 230 व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेते. मोबाइल चार्जरसाठी असलेले सहा अँपिअरचे सॉकेट त्यासाठी नव्हे, सोळा अँपिअरचे हवे. भाड्याच्या घरात ही चौकशी मालकाकडे आधीच करावी.

चुंबकावरून आणखी एक गैरसमज दूर करतो. 'चुंबक चिकटत नाही, म्हणजे स्टील अस्सल,' असे दुकानात सांगितले जाते. उत्तम प्रतीच्या 304 क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही, हे खरे. परंतु निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. उलट इंडक्शनसाठीच्या चांगल्या भांड्याचे बूड मुद्दाम चुंबक धरणाऱ्या स्टीलचे केलेले असते. म्हणून चुंबकाने शेगडीची सोय पाहावी, प्रत ठरवू नये. प्रतीसाठी भांड्यावरील क्रमांक आणि पक्की पावती पाहावी.

आता प्रत्यक्ष यादी.

प्रेशर कुकर. एकट्यासाठी तीन लिटरचा पुरेसा, दोन पाहुणे आले तरी निभावते. आत दाब वाढल्याने पाणी शंभरऐवजी सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. त्याच दाबामुळे येथे काटकसर नको. आयएसआय चिन्ह नसलेला कुकर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. वरण व भात एकाच वेळी शिजवण्याचे दोन डबे सोबत घ्यावेत आणि दुकानातच ते आत ठेवून झाकण लावून पाहावे. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, डाळ थेट आत शिजवायची तर निम्माच भरावा. त्याच कंपनीची एक जादा रबरी रिंग व सुरक्षा व्हॉल्व्ह घेऊन ठेवावा.

तवा. पोळी-भाकरीसाठी लोखंडी वा बिडाचा. नवा तवा घासून, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि हलका धूर येईपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा केले की तवा तयार होतो. तो पाण्यात भिजत ठेवू नये, धुतल्यावर लगेच पुसावा. नॉनस्टिक तवा नवशिक्याला सोपा वाटतो, पण रिकामा मोठ्या आचेवर ठेवल्यास 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो. चिमट्याच्या आणि उलथन्याच्या ओरखड्यांनीही तो लवकर जातो. बिडाचा तवा मात्र आजीकडून नातवाकडे जातो.

कढई. येथे थोडे विज्ञान उपयोगी पडते. ॲल्युमिनियम स्टीलच्या सुमारे पंधरा पट चांगले उष्णता वाहून नेते. पातळ स्टीलच्या कढईत ज्योतीच्या वरची जागा लाल होते आणि कडा थंड राहतात, म्हणून मध्यभागी पोहे करपतात. नवशिक्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही. दोष पुष्कळदा कढईचा असतो. दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड कढई घ्यावी. तिच्यात भाजी, पोहे, उपमा, खिचडी सर्व होते आणि आमसूल वा टोमॅटोचाही प्रश्न येत नाही. आंबट पदार्थ नुसत्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवणे व ठेवणे टाळावे.

पातेली. झाकणासह दोन, एकात एक बसणारी: लिटरभराचे दुधा-चहासाठी, दोन लिटरचे आमटीसाठी. घरात आजीचे पितळी पातेले असेल तर तेही चालेल, पण कल्हई ताजी हवी. कल्हई म्हणजे कथिल आणि ते 232 अंशांना वितळते, म्हणून असे भांडे रिकामे तापवू नये. पुण्यात कल्हईची चौकशी करायची तर कसबा पेठेतील तांबट आळी अजून आहे.

सुरी. विळीवर बसून चिरण्याची सवय या पिढीला नाही. बोटभर लांबीच्या चार सुऱ्यांऐवजी सुमारे पंधरा सेंटिमीटर पात्याची एक चांगली सुरी, एक लाकडी फळी आणि एक सोलाणे घ्यावे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, म्हणून ती निसटून बोट अधिक कापते. धार वेळच्या वेळी लावून घ्यावी.

किरकोळ वस्तूंत पोळपाट-लाटणे, लहान परात, चिमटा, उलथने, डाव, किसणी, चहाची गाळणी आणि मिसळणाचा डबा. पाणी गाळण्याचे जाड सुती दुहेरी कापड आईने घरूनच शिवून द्यावे. सांडशी मात्र पारखून घ्यावी. दुकानात पाण्याने भरलेले पातेले तिने उचलून पाहावे, पकड सैल असेल तर घेऊ नये. आणि एक वाटी कायमची मापाची ठरवावी. तिनेच एक वाटी तांदूळ आणि तिनेच दोन वाट्या पाणी मोजले की भात बिघडत नाही. वाटी रोज बदलली तर हिशेब रोज नव्याने मांडावा लागतो.

शेवटची वस्तू स्वयंपाकघराबाहेरची, पण या मुलासाठी कदाचित सर्वांत मोलाची: आतून स्टील असलेला, ऊब टिकवणारा दोन कप्प्यांचा डबा. कार्यालयातून घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळतो, त्याला त्याचा इलाज नाही. परंतु सकाळी केलेली पोळी-भाजी डब्यात असेल तर साडेपाचच्या सुट्टीत तो जेवू शकतो. दुपारी कँटीनमध्ये निवडून खावे आणि सायंकाळी स्वतःचे, एवढे जमले तरी पोटाला व नियमाला दोन्हींना आधार मिळेल.

मिक्सर, टोस्टर, भाजी कापण्याची यंत्रे तीन महिने थांबू शकतात. तोवर शेंगदाण्याच्या कुटाला लहान खलबत्ता पुरे. तीन महिन्यांनंतरही रोजचा स्वयंपाक चालू असेल, तर मिक्सर जरूर घ्यावा.

दहा हजारांची विभागणी अशी करावी. शेगडी व तिची जोडणी वेगळी धरून, निम्मी रक्कम कुकर, तवा आणि कढई या तिघांवर. एक चतुर्थांश पातेली, सुरी व डबा यांवर. उरलेल्यात किरकोळ वस्तू, आणि काही शिल्लक राहिलीच पाहिजे, कारण पहिल्या महिन्यात एखादी गोष्ट आठवतेच. समजा, कुकर अठराशे रुपयांचा आला आणि दहा वर्षे रोज एकदा लागला, तर एका वेळेचा खर्च पन्नास पैसेही पडत नाही. स्वस्त कुकर दोन वर्षांत टाकावा लागला तर तोच महाग पडतो.

भगिनींना एक विनंती. भांडी पाठवून थांबू नये. एका रविवारी स्वतः जाऊन मुलाकडून त्याच कुकरमध्ये वरण-भात करवून घ्यावा, आपण फक्त शेजारी उभे राहावे. शक्य असल्यास वडिलांनाही सोबत न्यावे. पहिले ताट त्यांना वाढावे.

किराण्याची पहिली यादी आणि एकट्या माणसाचे महिन्याचे माप यांविषयी पुढील अंकात.