झेंडा मानाने लावा, पण घर वाचवतो तो दावा



पंधरा ऑगस्ट जवळ आला. बेलापूर, पनवेलच्या सिग्नलवर झेंडे विकायला आले. 2022 सालापासून सरकार 'हर घर तिरंगा' म्हणतंय. वाड्यांवर दोन गोष्टी विचारल्या जातात. आमच्या कुडाच्या घरावर झेंडा चालतो का? आणि झेंडा असला की घर पाडायला येणार नाहीत, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर, चालतो. 2002 च्या ध्वजसंहितेने साध्या माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावायची मोकळीक दिली. 2004 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यासाठी सातबारा लागत नाही, पक्कं घर लागत नाही.

मात्र नियम पाळायचे. केशरी पट्टा वर, हिरवा खाली. भिंतीवर उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. लांबी तीन वीत तर रुंदी दोन वीत. चक्राला 24 आरे, बरोबर मध्ये. सुती, खादी, पॉलिस्टर कापड चालतं. प्लास्टिकचा घेऊ नका. 2022 पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. जमिनीला, पाण्याला टेकू देऊ नका. पावसावाऱ्याने फाटला तर उतरवा. उकिरड्यावर टाकू नका. घरच्या घरी, मानाने, अख्खा जाळून टाका. झेंड्यावर वाडीचं नाव, दाव्याचा नंबर, काही लिहायचं नाही. चारचौघांत अपमान केला तर 1971 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्यावर बोट ठेवायला कुणाला निमित्त देऊ नका.

संघटनेचा किंवा देवाचा झेंडा त्याच काठीवर बांधू नका. तो वेगळ्या काठीवर, तिरंग्यापेक्षा खाली. यात कमीपणा नाही. 22 जुलै 1947 ला घटना समितीत तिरंगा मंजूर झाला, तेव्हा जयपालसिंग मुंडा बोलायला उभे राहिले. झेंडा उभारणं आणि त्यासाठी लढणं आदिवासींना नवीन नाही, आमच्या गावागावाला आपला झेंडा आहे, असं त्यांनी सांगितलं. आता आपले दोन झेंडे, गावाचा आणि देशाचा, असं म्हणून त्यांनी तिरंगा आपला मानला. तो आपल्याला कुणी दान दिलेला नाही.

आता दुसरं उत्तर. झेंडा घर वाचवत नाही. ज्याच्या घराला वनखातं अतिक्रमण म्हणतं, त्याने झेंड्याच्या आड उभं राहू नये. झेंड्याचाही मान जातो आणि घरही. आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला, 25 सप्टेंबर 1930 ला लोक जंगलाचा कायदा मोडायला अक्कादेवीच्या रानात गेले. गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे सरकारी मानवंदना होते. पण ज्या जंगलासाठी ते गेले, त्या जंगलावरचा हक्क कायद्याच्या कागदावर यायला 2006 साल उजाडलं.

घर वाचवतं ते त्याच वनहक्क कायद्याचं कलम 4(5). दाव्याची तपासणी आणि हक्क मान्य करण्याचं काम पुरं होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हलवता येत नाही. कायदा शेतीसारखाच राहत्या घरालाही लागू आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा हवा आणि किमान दोन पुरावे हवेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरतात.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. सकाळी झेंडा लावा, मग बायामाणसं सगळी ग्रामसभेला जा. दावा राहिला असेल त्याने तो वनहक्क समितीकडे द्यावा आणि लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नये. आधीच दिलेल्या दाव्याचं काय झालं ते सभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

झेंडा संध्याकाळी उतरवला तरी चालेल. पोच मात्र जपून ठेवा.

जोहार!