घराच्या कर्जाआधी कोणता हप्ता मिटवायचा? पंढरपूर तालुक्यात अनेकांची फाइल इथंच अडते

पंढरपूर : आषाढी झाली की दुकानदाराच्या गल्ल्यात आणि उसाचं बिल निघालं की शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातली मोठी रक्कम येते. घराचा विषय निघतो तो याच दिवसांत. प्लॉट बघितलेला असतो, इसार दिलेला असतो. फाइल बँकेत गेली की पहिला प्रश्न येतो, "सध्या हप्ते किती चालू आहेत?" गाडीचा, फ्रिजचा, मोबाइलचा, बायकोच्या नावावर गटाचा. तिथंच घर अडतं.

एकूण कर्ज किती आहे, यापेक्षा महिन्याला हप्त्यात किती जातात हे बँक आधी बघते. साधारण हिशेब असा, की सगळे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्यात बसले पाहिजेत. बँकेनुसार हे प्रमाण थोडंफार बदलतं.

६० हजारांचा फरक

उदाहरण धरू. एका कुटुंबाची कागदावर दिसणारी कमाई महिना ४५ हजार. म्हणजे हप्त्यांना जागा साडेबावीस हजारांची. गाडीचा हप्ता ३,२००, आठ राहिलेत. फ्रिजचा २,३००, पाच राहिलेत. गटाच्या कर्जाचा २,५००, दहा राहिलेत. वैयक्तिक कर्जाचा ७ हजार, त्याची बाकी १ लाख ८० हजार. एकूण १५ हजार गेले, घरासाठी उरले साडेसात हजार. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळणार साडेआठ लाखांच्या आसपास. त्यात घर होत नाही.

आता हातात ६० हजार आले. बहुतेक जण ते मोठ्या कर्जात भरतात, कारण डोक्यावर ओझं त्याचंच वाटतं. पण अर्धवट रक्कम भरली की सहसा मुदत कमी होते, हप्ता तोच राहतो. बँकेच्या हिशेबात फरक पडत नाही. त्याच ६० हजारांत गाडी, फ्रिज आणि गट ही तिन्ही खाती बंद झाली, तर महिना ८ हजार मोकळे होतात. घराच्या हप्त्याला साडेपंधरा हजार मिळतात आणि कर्ज जातं साडेसतरा लाखांच्या पुढं.

व्याज वाचवायचं असेल तर सगळ्यात महागडं कर्ज आधी फेडावं, हे खरंच. क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर तीच आधी, कारण तिचं व्याज वर्षाला ३६ टक्के आणि त्याहून वर जातं. पण वर्षभरात घराची फाइल टाकायची असेल, तर थोड्या पैशात जो हप्ता कायमचा बंद होतो तो आधी मिटवावा. गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीला मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. गाडीच्या कर्जाला मात्र खातं बंद करण्याचा आकार किती, ते आधी विचारावं.

माफीची वाट आणि थकबाकी

तालुक्यातली खरी गाठ पीककर्जाची आहे. ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असं सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर "आता भरायचं कशाला?" ही भाषा पारावर ऐकू येऊ लागली. ज्याचं रान पुरात गेलं, त्याच्यापुढं दुसरा रस्ताच नसतो. पण ज्याला भरता येतं आणि घरही बांधायचंय, त्यानं हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. पीककर्जाला सिबिल बघू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं. ते पीककर्जापुरतं आहे. घराच्या कर्जाला सिबिल बघितलंच जातं, आणि थकीत खातं त्यात दिसतं. तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं तर तशी नोंद पुढं कित्येक वर्षं राहते.

जामीनकीचंही तसंच. भाच्याच्या ट्रॅक्टरला सही दिली आणि त्यानं हप्ते थकवले, तर डाग मामाच्या नावावर येतो.

पैसे भरले म्हणजे संपलं नाही

खातं बंद केलं की नाहरकत दाखला घ्यावा. गाडीच्या आरसी पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्यावा. सिबिलसह चार कंपन्या अशी माहिती ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना दर पंधरवड्याला ही माहिती पाठवणं बंधनकारक झालं. तरी फाइल टाकण्याआधी दोन-तीन महिने अहवाल काढून बघावा. बंद झालेलं खातं चालू दिसत असेल तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

सगळी पुंजी मात्र कर्ज फेडण्यात घालू नये. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते. उरलेले १० टक्के, शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च खिशातून जातो. त्यासाठी सोनं ठेवून नवं कर्ज काढलं, तर मिटवलेला हप्ता दुसऱ्या दारानं परत आला.

शहर हद्दीत पहिलंच पक्कं घर घेणाऱ्याला पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे. त्यासाठी कुटुंबाची वार्षिक कमाई ९ लाखांच्या आत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत लागतं. पण सवलत मिळते ती कर्ज मंजूर झाल्यावर.

उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत यायला पाहिजे, ते कसं लांबतं हे तालुक्याला सांगायला नको. म्हणून घराचं गणित बिलाच्या तारखेवर बांधू नये. पैसे हातात पडतील त्या दिवशी कोणतं खातं बंद करायचं, हे आजच वहीत लिहून ठेवावं. नाहीतर आलेली रक्कम चार ठिकाणी थोडी थोडी जाते आणि हप्ता एकही मिटत नाही.