डॉक्टरकीची परीक्षा: सवलत नको, तयारीची सोय हवी

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेला मुलगा किंवा मुलगी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रशिया, किरगिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाईन्स ही नावे मेहकर-चिखलीकडच्या शेतकरी कुटुंबांनाही परिचित झाली आहेत. परंतु पदवी हाती आली म्हणून घराच्या दारावर डॉक्टरची पाटी लागत नाही. भारतीय वैद्यकीय परिषद कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा पदवीधरांना चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. २००२पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेत आले आहे. तीनशे प्रश्न, दीडशे गुणांची मर्यादा, एकाच दिवशी अडीच-अडीच तासांची दोन सत्रे असे तिचे स्वरूप आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही २०१५ ते २०१८ या चार वर्षांत परीक्षेस बसलेल्या ६१,७०८ उमेदवारांपैकी ८,७६४ उमेदवारच उत्तीर्ण झाले. पुढील काळात हे प्रमाण काहीसे वर गेले. पण पाचांत एक उत्तीर्ण, चार अनुत्तीर्ण हाच साधारण हिशेब राहिला.

या आकड्यामागे घरे आहेत. कोणी दोन एकर विकले, कोणी बँकेचे कर्ज काढले, कोणी नातेवाइकांकडून उसनवारी केली. सहा वर्षांनी मुलगा परतला आणि परीक्षेत अडकला, म्हणजे कर्जाचे हप्ते सुरू आणि मिळकत बंद. अशा वेळी उत्तीर्णतेची मर्यादा खाली आणावी, नाही तर परीक्षाच रद्द करावी, अशी मागणी होते. सहानुभूतीपोटी ती पक्षकार्यकर्त्यांच्या तोंडीही येते. सहानुभूती योग्य आहे. मागणी मात्र चुकीची आहे. ती का चुकीची आहे आणि तिच्या जागी कोणती मागणी उभी करावयाची, याचा निर्णय पक्षाने आताच केला पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. नीट ही निवडीची परीक्षा आहे. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले तिला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाहून थोड्या अधिक. तेथे एकाला जागा मिळाली म्हणजे दुसऱ्याची गेली. ही टंचाईच्या वस्तूची वाटणी होय. परवान्याची परीक्षा या जातीची नाही. तेथे जागांची संख्या ठरलेली नसते. एकाच्या यशाने दुसऱ्याचे काही हिरावले जात नाही. दीडशे गुण मिळविणारा प्रत्येक जण उत्तीर्ण होतो. म्हणून नीटमधील अपयश हे पुष्कळदा टंचाईचे अपयश असते, तर परवाना परीक्षेतील अपयश हे बव्हंशी शिक्षणाचे अपयश असते. पहिल्यावर उपाय जागा वाढविणे हा आहे. दुसऱ्यावरचा उपाय चांगले शिकविणे हाच असू शकतो. मोजपट्टी आखूड केल्याने माणूस उंच होत नाही.

या परीक्षेत तिसरा पक्षही असतो आणि तो कधी मोर्चा काढीत नाही. तो म्हणजे रुग्ण. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. तेथे अडलेल्या बाळंतिणीला शहरातील विशेषज्ञापर्यंत पोहोचण्यास वेळ पुरत नाही. २०२५च्या आरंभी शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत तेथील गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक आढळले आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. पाणी, धान्य आणि रोग यांचा संबंध ओळखणारा डॉक्टर या जिल्ह्याला हवा आहे. चाळणी परीक्षेच्या तीनशे गुणांपैकी तीस गुण सामाजिक वैद्यकशास्त्राला आणि तीस गुण प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राला आहेत, हे योग्यच आहे. श्रीमंत रुग्ण मुंबई-पुण्याला जाऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ शकतो. संग्रामपूरच्या शेतमजुराला दुसरे मत परवडत नाही. त्याच्या वाट्याला येणारा एकमेव डॉक्टर पारखलेला असावा, ही समाजवादी मागणी आहे. गरिबांसाठी कमी कसाचा डॉक्टर चालेल, हा विचार कितीही करुणेने मांडला तरी तो विषमतेचाच विचार राहतो.

मग अन्याय कोठे आहे? अन्याय परीक्षेत नाही. ती काही जणांनाच द्यावी लागते, यात आहे.

वैद्यकीय शिक्षणाच्या बाजाराकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. महाराष्ट्रात १९८३नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे धोरण आले आणि शिक्षणाची किंमत घराण्याच्या ऐपतीशी बांधली गेली. १९८७ साली कॅपिटेशन शुल्काला बंदी करणारा कायदा झाला. तरी किंमत उतरली नाही, ती केवळ अधिकृत शुल्काच्या रूपाने वर आली. आज अभिमत विद्यापीठात संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कोटी रुपयांच्या घरात जातो. नीटमध्ये पात्र ठरलेल्या, पण शासकीय जागेपर्यंत न पोहोचलेल्या दोन मुलांची तुलना करावी. गुण सारखे, पात्रता सारखी. एकाच्या वडिलांपाशी कोटभर रुपये आहेत. तो देशातच शिकतो. दुसऱ्याच्या वडिलांपाशी त्याचा चौथा हिस्सा आहे. तो बिश्केकला जातो. पहिल्याची अंतिम परीक्षा त्याचे अभिमत विद्यापीठच घेते. शुल्क घेणारी, शिकविणारी, तपासणारी आणि पदवी देणारी संस्था एकच! दुसऱ्याला मात्र राष्ट्रीय मोजपट्टीखाली उभे राहावे लागते. कोट रुपये हीच जणू परीक्षेतून मिळालेली सूट ठरते.

संसदेने हा अन्याय ओळखला होता, असे म्हणावयास जागा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ याच्या पंधराव्या कलमात देशात शिकलेल्या आणि परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा सांगितली आहे. कायदा अंमलात आल्यापासून तीन वर्षांत ती सुरू व्हावयाची होती. कायदा सप्टेंबर २०२०मध्ये अंमलात आला; जून २०२३मध्ये नियम निघाले; जुलै २०२३मध्ये परीक्षा पुढे ढकलली गेली. देशातील विद्यार्थ्यांचा तिला विरोध आहे आणि त्यांच्या काही तक्रारी रास्त आहेत. मागास भागातील नव्या महाविद्यालयांत अध्यापक अपुरे असतील तर तेथील मुले मागे पडतील, हे खरेच आहे. परंतु हाच समान परीक्षेच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे. महाविद्यालयवार निकाल जाहीर झाला की कोणत्या संस्थेने शिकविले आणि कोणत्या संस्थेने केवळ शुल्क घेतले, हे पालकांना व विधिमंडळाला कळेल. तोवर परीक्षा होईल ती केवळ विद्यार्थ्याची. संस्था निर्धास्त राहील.

आता तयारीचा प्रश्न. परदेशी शिकलेल्या मुलाची मुख्य उणीव बुद्धीची नसते. तो इंग्रजीतून पुस्तके वाचतो, पण तेथील रुग्ण रशियन किंवा किरगिझ बोलतो. त्यामुळे रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून शिकावयाचे शिक्षण कच्चे राहते. परतल्यावर तो दिल्ली-पुण्याच्या शिकवणी वर्गाची वाट धरतो किंवा मोबाइलवरील पाठ विकत घेतो. एकोणीस विषयांची टिपणे पाठ होतात; रुग्ण मात्र तेथेही भेटत नाही. परीक्षेची प्रश्नपत्रिका बाहेर नेता येत नाही, उत्तरांची फेरतपासणी होत नाही. आपले कोठे चुकले, हे न कळताच उमेदवार सहा महिन्यांनी पुन्हा बसतो. हाच उमेदवार पुढच्या निकालात पुन्हा मोजला जातो, हेही आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. पाचांत चार अनुत्तीर्ण याचा अर्थ पाचांतील चार जण कायमचे अपात्र असा होत नाही. त्यांतील कित्येक जण योग्य शिक्षण मिळाल्यास उत्तीर्ण होणारे आहेत. आज त्या शिक्षणाची एकमेव वाट शिकवणीच्या बाजारातून जाते, एवढेच.

बुलढाणा जिल्ह्यात ही वाट बदलता येण्याजोगी आहे. २०११च्या जनगणनेनुसार पंचवीस लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या जिल्ह्यात दीर्घकाळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा शासकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचे नाव आले आणि शंभर मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. या महाविद्यालयाशी जोडून परतलेल्या पदवीधरांसाठी सहा महिन्यांचा सार्वजनिक तयारी वर्ग सुरू करावा. सकाळी रुग्णालयाच्या कक्षात अध्यापकांच्या देखरेखीखाली निरीक्षण, दुपारी ग्रंथालय, आठवड्यास एक सराव परीक्षा. खाटा आहेत, रुग्ण आहेत. अध्यापकांची पदे पूर्ण भरणे ही अट आहे आणि ती महाविद्यालयाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठीही तितकीच निकडीची आहे.

यावर एक आक्षेप येईल. ज्यांनी वीस-पंचवीस लाख खर्चून परदेश गाठला, त्यांच्यावर सार्वजनिक पैसा का खर्च करावा? आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर देवाणघेवाणीत आहे. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरवर एक वर्षाच्या सेवेचे बंधन असते. सार्वजनिक तयारी वर्गाचा लाभ घेणाऱ्यानेही परवाना मिळाल्यावर एक वर्ष जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण वेतनावर सेवा द्यावी. समाजाने हात दिला, तो समाजाकडे परत वळावा. ज्याला हे मान्य नाही, त्याला खासगी शिकवणी मोकळी आहेच.

म्हणून पक्षाच्या मागण्या नेमक्या असाव्यात. समान परीक्षेची तारीख किमान दोन वर्षे आधी जाहीर करून ती सर्वांना लागू करावी; तिच्यातून अभिमत विद्यापीठे सुटता कामा नयेत. परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरे प्रसिद्ध करावीत. जिल्हास्तरावर तयारी वर्ग काढावेत. आणि आंतरवासितेत असलेल्या परदेशी पदवीधरांना इतरांइतकेच विद्यावेतन मिळावे. आयोगाने २०२२ साली तसे सांगितलेलेच आहे, अंमलबजावणी हवी.

एक काम मात्र शासनाची वाट न पाहता तालुका शाखांनी करावयाचे आहे. नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे, बारा महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत झाली पाहिजे आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता त्या पदवीने मिळाली पाहिजे. यांतील एक अट चुकली तर परीक्षेला बसण्याचाच अधिकार जातो. दलाल हे सांगत नाही. शेत विकणाऱ्या बापाला ते ठाऊक नसते. नीटचा निकाल लागताच मलकापूरपासून लोणारपर्यंत प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी या चार अटी मराठीत छापून घरोघर पोहोचवाव्यात आणि करारावर सही होण्यापूर्वी कागद तपासून द्यावेत.

परीक्षा सैल करा, ही घोषणा सोपी आहे, टाळ्याही मिळतील. पण त्या टाळ्यांची किंमत उद्या एखाद्या आदिवासी पाड्यावरील आजारी मूल मोजील. परीक्षा कडक ठेवा, ती सर्वांची ठेवा आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट गरिबाच्या मुलालाही खुली करा, एवढे तिन्ही एकत्र मागण्याचे धैर्य पक्षाने दाखविले पाहिजे.